बईल, चऊदा आणि लाल गोल

परवा बहिणीकडे गेले होते. भाची यंदा पहिलीत आहे. तिची वही चाळली तर 'बईल', 'पइसा', 'चऊदा'... तिन्ही शब्दांभोवती लाल गोल आणि खाली 'पाच वेळा लिही'.

"मावशी, मी ऐकलं तसंच लिहिलं गं," ती म्हणाली.

खरंच की! ऐ म्हणजे अ आणि इ एका दमात, औ म्हणजे अ आणि उ. व्याकरणात यांना संयुक्त स्वर म्हणतात. पोरीने दोन्ही आवाज सुटे ऐकले आणि सुटेच लिहिले. चूक आहे, मान्य. पण ही नीट कान देणाऱ्या मुलाची चूक आहे.

आपण काय करतो, तर क का कि की पासून कः पर्यंत घोकून घेतो. कै आणि कौ येईपर्यंत सूर लागलेला असतो, कान मात्र बंद! मग दोन मात्रा कशासाठी, हे मुलाला कळणार कसं? माझा बाराखडीला विरोध नाही. पण आधी आवाज, मग चिन्ह, आणि घोकंपट्टी सगळ्यात शेवटी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही दोघींनी टाळ्यांचा खेळ केला. पै-सा, दोन टाळ्या. प-इ-सा म्हटलं तर तीन होतात. चौ-दा दोन, च-ऊ-दा तीन. आता 'मऊ' म्हणून पाहा. म-ऊ, दोन टाळ्या, म्हणून तिथे ऊ सुटाच राहतो. 'मौज' मधला मौ मात्र एका टाळीत. 'सई' आणि 'सैल' चंही तसंच. जोडायचं कधी आणि सुटं ठेवायचं कधी, हे नियमापेक्षा टाळीने लवकर कळतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? लाल गोल पाहून आपोआप सुधारतात मुलं. सुधारतातही. पण त्या दुपारी मी तिला म्हटलं, आज रस्त्यात काय काय पाहिलंस ते लिही बघू. तिने लिहिलं: घर, गाय, काका. येताना बैलगाडी आम्ही दोघींनी पाहिली होती. "बैल राहिला ना गं?" तर म्हणे, "तो नको, तो चुकतो."

मला भीती वाटते ती याची. शब्द चुकला तर उद्या दुरुस्त होईल. पण येतील तेवढेच शब्द लिहायचे, अशी सवय सहाव्या वर्षी लागली तर ती कोण सोडवणार?

असो. संध्याकाळी टाळ्या वाजवत तिने 'पैसा' आपणहून बरोबर लिहिला. बैल अजून बाकी आहे. घाई नाही.

तुमच्याकडे पहिलीतलं कुणी असेल तर हा खेळ करून बघा, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.