कुरळ्या पिल्लाचे तीन वायदे

घर लहान, आई-वडील दोघेही नोकरीवर आणि मुलांनी कुत्र्यासाठी धरलेला हट्ट. अशा कुटुंबाला ब्रिटन-ऑस्ट्रेलियात हल्ली एक पिल्लू हमखास सुचवले जाते, ते म्हणजे कॅव्हापू. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि लहान चणीचा पूडल यांचा हा संकर. वजन साधारण ५ ते १० किलो, केस कुरळे, स्वभाव लाघवी. अशा संकरित पिल्लांच्या जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. त्यांत तीन वायदे असतात : केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होत नाही आणि संकर असल्याने आजार जडत नाहीत. पिल्लू घरी आणण्यापूर्वी हे तिन्ही तपासून घ्यायला हवेत.

संकराने जोम येतो, हे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. पण जो दोष आई आणि बाप दोघांकडेही आहे, तो संकराने जात नाही. गुडघ्याची वाटी सरकण्याची खोड कॅव्हेलियरमध्ये आहे, तशीच लहान पूडलमध्येही आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ मध्ये ९,४०० हून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा सुमारे ८७ टक्के तुलनांत आजारांच्या प्रमाणात फरकच आढळला नाही.

मग संकर निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. कॅव्हेलियरच्या हृदयाची झडप उतारवयात बहुधा निकामी होत जाते आणि अनेकांच्या मेंदूला कवटीच अपुरी पडते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीची शुद्ध पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. त्याच खटल्यात खालच्या न्यायालयाने शास्त्रशुद्ध संकर हा पर्याय असू शकतो, असे म्हटले होते. त्यातला ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द बाजाराने गाळला आहे.

अ‍ॅलर्जीचे तसेच. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, तो एका अंध महिलेसाठी. तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होता. जन्मलेल्या तीन पिल्लांपैकी एकच त्याला चालले! अ‍ॅलर्जीचे कारण कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असते. पुढे माजलेला बाजार पाहून कॉनरन यांनी आपल्या प्रयोगाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

केस कमी गळतात, हे पुष्कळदा खरे असते. पण गळत नाहीत ते केस वाढतात आणि त्यांच्या गाठी होतात. रोज कातडीपर्यंत विंचरणे आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कातरणे, हे काम बारा-पंधरा वर्षांचे आहे. लोंबते कान कोरडे ठेवावे लागतात, इवल्या जबड्यात दाटीने आलेले दात घासावे लागतात. वजन वाढू देणे हृदयाला आणि गुडघ्यांना परवडत नाही. शिऱ्यातले बेदाणे, भाजीतला कांदा-लसूण आणि चॉकलेट हे त्याला विष आहे. रेबीजची लस वेळच्या वेळी हवीच.

याहून अवघड गोष्ट म्हणजे सोबत. मांडीवर बसण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या जातीचे रक्त त्याच्यात आहे, वर पूडलची तल्लख बुद्धी. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एकटे ठेवले, तर ते रडते, भुंकते, सोफा कुरतडते. शेजाऱ्यांची तक्रार येते आणि दोष कुत्र्याला दिला जातो.

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. ग्राहकाने नोंदणी पाहावी, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी आणि आई-बाप दोघांच्या हृदयाचे, डोळ्यांचे व गुडघ्यांचे तपासणी अहवाल मागावेत. ‘संकर आहे, तपासणीची गरज नाही’ असे उत्तर मिळाले, तर तिथून उठावे.

आणि घरात एक प्रश्न आधी सोडवावा : दुपारी त्याच्याजवळ कोण असणार? उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर मुलांचा हट्ट काही वर्षे पुढे ढकललेला बरा.