गाडीवर पाण्याचे आणि इंधनाचे कॅन बांधताय? कायदा काय सांगतो आणि धोका नेमका कुठे आहे?

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवतात? 'हिट अँड रन'साठी १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद करणाऱ्या नव्या कायद्याविरोधात ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघेनात. बघता बघता राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि रांगेत दुचाकी-चारचाकींसोबत हातात डबकी घेतलेली माणसंही उभी राहिली.

संप मिटला, पण डबकी काही घरी गेली नाहीत. मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावात ती वर्षभर दिसतात. शेतातल्या ट्रॅक्टरसाठी आणि इंजिनसाठी डिझेल, फवारणी पंपासाठी पेट्रोल, आणि पाणी तर रोजचंच. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या भूजलात क्षार इतके की विहीर भरलेली असूनही प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं. म्हणूनच जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली. अशा भागात बोलेरोच्या छतावर किंवा पिकअपच्या कठड्याला बांधलेला कॅन कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

आता त्यात हौशी मंडळींची भर पडली आहे. जीप किंवा थार घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला, अंबाबरवा अभयारण्याच्या बाजूला जाणारे लोक गाडीला कॅरिअर आणि कॅनची चौकट बसवून घेतात. हे काम बहुतेक वेळा ओळखीच्या वेल्डरकडे होतं. चौकट दिसायला दणकट असते. ती धडकेत टिकेल का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

पेट्रोल कॅनमध्ये नेणं बेकायदा आहे का?

सरसकट नाही. गैरसमज इथूनच सुरू होतात.

पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. या कायद्यात पेट्रोल 'अ' वर्गात येतं, कारण ते सहज पेट घेतं. डिझेल 'ब' वर्गात आहे. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं (कलम ८). नोंदणीकृत गाडीच्या मालकाला त्याहून जास्त मोकळीक आहे. गाडीच्या टाकीतलं पेट्रोल सोडून आणखी १०० लिटरपर्यंत तो परवान्याशिवाय नेऊ शकतो, मात्र ते त्याच्या गाडीसाठी किंवा इंजिनसाठीच वापरायचं असलं पाहिजे (कलम ९). गाड्या चार असल्या तरी साठ्याची मर्यादा एकूण १०० लिटरच राहते.

खरी अट भांड्याची आहे. असं पेट्रोल घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिक नाही. म्हणजे थंड पेयाच्या बाटलीत किंवा तेलाच्या रिकाम्या डबकीत भरलेलं पेट्रोल या सवलतीत बसत नाही. 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही' ही पंपावरची पाटी म्हणजे नुसता पंपवाल्याचा आडमुठेपणा नव्हे.

डिझेलला नियम बराच सैल आहे. एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. शेतकऱ्याच्या दोन-चार डबक्यांकडे कुणी वळून पाहत नाही, ते त्यामुळेच.

अडचण अशी की या तरतुदी किती इंधन आणि कोणत्या भांड्यात, एवढ्यावरच थांबतात. खासगी गाडीवर कॅन कुठे आणि कशाने बांधायचा, हे त्या सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा सांगतो तो वेगळ्या बाजूने. सामान गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेलं तर २० हजार रुपये दंड आहे (कलम १९४). कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही (कलम ५२), आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. गाडीच्या बाजूला वेल्डिंग करून लावलेली, बाहेर डोकावणारी कॅनची चौकट या दोन्ही कलमांच्या कचाट्यात सापडू शकते.

२० लिटरचा कॅन, पण वजन किती?

२० लिटर पाणी म्हणजे २० किलो. तेवढंच डिझेल साधारण १६ ते १७ किलो आणि पेट्रोल १५ किलोच्या आसपास. कॅनचं वजन वेगळं. उभ्या गाडीत हे काहीच वाटत नाही.

ताशी ६० किलोमीटरने चाललेल्या गाडीला कचकन ब्रेक मारला, तर २० किलोच्या कॅनला साधारण १५ किलोच्या जोराने पुढे ओढ लागते. नायलॉनची दोरी एवढं सहज झेलते. त्यामुळे 'इतकी वर्षं असंच बांधतो, काही झालं नाही' हे म्हणणं खोटं नाही. पण तीच गाडी समोरच्या ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर तोच कॅन सुमारे ३४० किलोच्या जोराने पुढे झेपावतो. दुसऱ्या शब्दांत, १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, कॅन खाली सोडल्यासारखं. दोरी, स्प्रिंगचे रबर किंवा पातळ पत्र्याला मारलेले दोन स्क्रू इथे टिकत नाहीत. मलकापुरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ताशी ६० हा काही फार वेग नव्हे.

मग बांधायचं कसं?

जागा आधी ठरवावी, पट्टा नंतर. वजन जितकं खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध, तितकी गाडी स्थिर. छतावर पाण्याचे चार कॅन चढवले की ८० किलो सर्वात उंच ठिकाणी जातात. मोताळ्याहून राजूर घाट चढताना प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला जास्त झुकते. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. खडबडीत रस्त्यावर त्या आकड्याच्या बरंच खाली राहिलेलं बरं.

मागचा दरवाजा ही लोकांची आवडती जागा. पण तिथे आधीच स्टेपनी लटकलेली असते, बिजागऱ्यांवर ताण असतो, आणि मागून धडक बसली की पहिला चेपतो तोच भाग. पाण्याचा कॅन फुटला तर गाडी ओली होईल. पेट्रोलचा फुटला तर? १ जुलै २०२३ च्या पहाटे याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर, उलटलेल्या खासगी बसने पेट घेतला आणि २५ प्रवाशांचा जीव गेला. त्या अपघाताचा कॅनशी संबंध नव्हता. पण उलटलेली गाडी पेटली की बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, ते बुलढाण्याने पाहिलं आहे.

गाडीच्या आत, सीटमागे ठेवणंही तितकंच वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि काचा बंद असतील तर तिथेच राहते. मोकळा पिकअप असेल तर केबिनच्या मागच्या भिंतीला टेकून, हौद्याच्या तळाशी, सायलेन्सरपासून लांब अशी जागा त्यातल्या त्यात बरी. पाणी आणि इंधन एकाच चौकटीत शेजारी ठेवू नये, आणि दोन्हींचे कॅन वेगळ्या रंगाचे असावेत. अंधारात हात चुकतो.

कॅनचा तळ चारही बाजूंनी अडेल अशी चौकट हवी. ती पत्र्याला नव्हे, तर चॅसिसला किंवा कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागांना जोडलेली असावी. पत्र्यालाच जोडणं भाग असेल तर आतून जाड लोखंडी पट्टी लावावी, म्हणजे धक्क्याने बोल्ट पत्रा फाडून बाहेर येत नाही. वरून रॅचेटचे दोन पट्टे, ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसे. एक सैल झाला तर दुसरा धरतो. कॅनखाली रबराचा तुकडा टाकला की घासून भोक पडत नाही. आणि निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सुरुवातीच्या खड्ड्यांत सगळं थोडं बसतं.

पाण्याचा कॅन काठोकाठ भरला तर उलट चांगलं, अर्धवट भरलेलं पाणी आत हिंदकळतं. पेट्रोलचं तसं नाही. सकाळच्या २५ अंशांत भरलेला धातूचा कॅन मे महिन्याच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर २० लिटर पेट्रोल अर्ध्या ते पाऊण लिटरने फुगतं. वरची थोडी जागा रिकामी सोडावीच लागते. तापलेला कॅन उघडताना झाकण हळूहळू सैल करायचं, तोंड बाजूला ठेवून. भरतानाही कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं. गाडीत तसाच ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. पेट्रोलचा रिकामा कॅनही बेफिकिरीने फेकू नये. त्यात वाफ उरलेली असते आणि पेटायला तेवढी पुरते.

धातूचा कॅन का मिळत नाही?

२० लिटरचा, तीन मुठींचा लोखंडी कॅन जर्मन सैन्याने १९३० च्या दशकात बनवला. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात त्याची नक्कल केली. 'जेरीकॅन' हे नावही तिथलंच, कारण जर्मनांना ब्रिटिश सैनिक 'जेरी' म्हणत. तीन मुठींमुळे दोन माणसांना तो मिळून उचलता येतो आणि एकाला दोन्ही हातांत दोन-दोन रिकामे धरता येतात. जवळपास नव्वद वर्षांनंतरही त्याच्या आकारात फारसा बदल झालेला नाही.

पण तालुक्याच्या बाजारात मागायला गेलं तर समोर येते ती प्लास्टिकची डबकी. ती स्वस्त, हलकी आणि प्रत्येक दुकानात मिळणारी. शेतकऱ्याला कायद्याने मोकळीक दिली आहे, पण त्या मोकळिकीत बसणारं भांडं शोधत फिरावं लागतं. पंपावरच्या मुलाला दिवसाला अशी कितीतरी डबकी नाकारायची असतात, आणि समोरच्याचा फवारणी पंप शेतात रिकामा पडलेला असतो. हुज्जत होते, कधी डबकी भरून मिळते, कधी नाही. मिळाली की ती दुचाकीवर दोन पायांमध्ये ठेवून गावाकडे निघते, आणि तिथे तर पट्ट्याचा प्रश्नच येत नाही.