हात काय सांगतात?

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांचा रक्तदाब किती आणि रक्तातील साखर किती, हे आपणांस बहुधा तोंडपाठ असते. पण त्यांना सदऱ्याची वरची गुंडी लावायला किती वेळ लागतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? आज ज्यांची हकीकत सांगणार आहे, त्या गृहस्थांच्या हातांत होत गेलेला बदल मला, त्यांच्या पंधरा वर्षांच्या डॉक्टरला, आठ महिने दिसला नाही. तो दिसला तेव्हा बुटांच्या खोक्यात घालून आणलेल्या दोन जपानी युद्धनौकांमध्ये दिसला. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

हे गृहस्थ मूळचे सातारा तालुक्यातले. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांमुळे त्या मुलखाचे नाव सैन्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे वडीलही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले. चिरंजीव मात्र पाटबंधारे खात्यात आरेखक झाले, बदल्या होत होत सांगलीस स्थिरावले आणि तेथेच निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. निवृत्तीनंतर पुण्याच्या पुतण्याने त्यांना प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक संच आणून दिला आणि तेव्हापासून जपानी जहाजे बांधण्याचा नाद त्यांना लागला. ‘‘अण्णा, वडील ज्यांच्याशी लढले त्यांचीच जहाजे?’’ असे मी एकदा गमतीने विचारले. ते म्हणाले, ‘‘वडिलांनी जपानी माणूस पाहिला, जहाज काही पाहिले नाही. ते मी पाहतोय.’’

हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानमधील शिझुओका हे शहर अशा प्रतिकृतींच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखानदारांनी १९७१ पासून एकाच प्रमाणात, म्हणजे मूळ जहाजाच्या सातशेव्या हिश्श्यात, युद्धनौकांची मालिका काढली. पाण्याखालचा भाग त्यांत नसतो. त्यामुळे जहाज टेबलावर ठेवले की जणू समुद्रावर तरंगते आहे असे वाटते. ‘यामातो’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध नौका. मूळ जहाज २६३ मीटर लांबीचे. अण्णांच्या टेबलावर ते साडेसदतीस सेंटिमीटर भरते. तिच्यावर ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा होत्या. त्यांचा पल्ला सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे सांगलीत डागलेला गोळा सरळ रेषेत कोल्हापुरात जाऊन पडावा! डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जाताना अमेरिकन विमानांनी बुडवली आणि तिच्यासह सुमारे तीन हजार माणसे गेली. अण्णा हा इतिहास तोंडपाठ सांगतात. आपल्याकडच्या समुद्राचाही उल्लेख त्यात येतो, कारण एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवर हल्ला करणाऱ्या जपानी ताफ्यात ‘कोंगो’, ‘हारुना’, ‘हिएई’ आणि ‘किरिशिमा’ या चार मोठ्या युद्धनौका होत्या.

मला या छंदाचे नवल वाटले नाही, कारण माझे बालपण साताऱ्यात गेले. दिवाळीत अंगणात अजिंक्यतारा आणि प्रतापगड उभे करणारी आम्ही मुले तेच तर करीत होतो. माती मळायची, दगडांवर थापायची, बुरूज काढायचे, हळीव पेरून रान उगवायचे आणि मातीचे मावळे जागोजाग बसवायचे. अण्णांच्या कामात फरक एवढाच, की तेथे सगळे मोजून होते. सातशेव्या हिश्श्यात एक मिलिमीटर म्हणजे सत्तर सेंटिमीटर. पुरुषभर उंचीचा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटरचा. विमानविरोधी तोफ तिळाएवढी. ती चिमट्याने उचलायची, तिच्या बुडाला सुईच्या टोकाने डिंकाचा थेंब लावायचा, श्वास रोखून जागेवर ठेवायची. असे करताना डोळा, अंगठा, तर्जनी आणि मनगट यांचा जो मेळ लागतो, तो कोणत्याही यंत्रावर मोजावा इतका नेमका असतो. मला हे तेव्हाच सुचायला हवे होते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अण्णा डोकेदुखीची तक्रार घेऊन आले. पावसामुळे खिडक्या बंद, खोली लहान आणि टेबलावर डिंक, रंग व थिनर. कारण समोरच होते. प्लॅस्टिक जोडणारा डिंक हा खळीसारखा चिकटत नाही; त्यातील द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. ते द्रावक हवेत उडते व श्वासावाटे शरीरात जाते. मी खिडकी उघडी ठेवायला आणि दर अर्ध्या तासाने उठायला सांगितले. डोकेदुखी आठवड्यात गेली. मी खूश झालो. जाता जाता ते म्हणाले होते, ‘‘डॉक्टर, उजवा हात जरा अडतो हल्ली. पूर्वी संध्याकाळी बारा तोफा बसायच्या, आता चार बसतात.’’ मी उत्तर दिले, ‘‘अण्णा, सदुसष्ट झाली. वयच झाले आता.’’ मधल्या काळात उजवा खांदा आखडल्याची तक्रार घेऊन ते एकदा आले, तेव्हा मी खांद्याचे व्यायाम लिहून दिले.

आठ महिन्यांनी ते बुटांचे खोके घेऊन आले. आत दोन जहाजे होती. ‘नागातो’ आदल्या वर्षीची, ‘यामातो’ नुकती पुरी केलेली. ती माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, ‘‘मोतिबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झाली आहे. चष्म्याचा नंबर परवाच तपासला. मग हे असे का?’’ पहिल्या जहाजावरील तोफा शाळेतील मुलांसारख्या रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्यावरच्या वाकड्या, काही उलट्या, आणि डेकवर डिंकाचे ठसे. प्रत्येक भागाचा क्रमांक टिपून ठेवण्याची आरेखकाची सवय त्यांना आहे. ती वहीही त्यांनी आणली होती. पहिल्या पानांवरचे अक्षर टपोरे, शेवटच्या पानांवरचे मुंगीएवढे. ओळीच्या आरंभी बरे आणि शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेले. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘चालताना यांचा उजवा हात हलतच नाही हल्ली. मी म्हटले खांद्यामुळे असेल.’’

मी त्यांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर झपाट्याने दहा वेळा आपटायला सांगितले. डावा हात सहज चालला. उजवा हात पाचव्या वेळेपासून आखूड आणि मंद होत गेला. मनगट फिरवून पाहिले तर दातेरी चाक अडखळत फिरावे तसा ताठरपणा. मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. निदान पार्किन्सनच्या आजाराचे, म्हणजेच आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचे, झाले.

वाचकहो, या आजाराचे आपल्याकडचे नावच थोडी दिशाभूल करते. कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. अण्णांचा हात थरथरत नव्हता. अनेक रुग्णांत आरंभी कंप नसतोच. या आजाराचे मुख्य लक्षण म्हणजे हालचालींची मंदता, आणि तिच्या जोडीला ताठरपणा किंवा कंप. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा काळसर भागातील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांचा बराच मोठा भाग गेलेला असतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन प्रथम नीट लिहून ठेवले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो.

आरंभीची चिन्हे घरातील माणसांनाच आधी दिसतात. ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूस सुरू होतात. अक्षर बारीक होणे, गुंडी लावणे किंवा भाजी चिरणे मंदावणे, चालताना एक हात न हलणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, आवाज पडणे, विनाकारण वाटणारी खांद्याची आखड. कधी कधी याच्याही कित्येक वर्षे आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडते, किंवा माणूस झोपेत स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडू लागतो. यांतील एखादे चिन्ह दिसले म्हणजे आजार आहेच असे मुळीच नाही. पण दोन-तीन एकत्र आली तर ‘वय झाले’ हे उत्तर पुरेसे समजू नये. ते मी समजलो, ही माझी चूक.

याउलट, हात थरथरतो म्हणून घाबरूनही जाऊ नये. कप उचलताना वा सही करताना दोन्ही हात थरथरतात आणि वडिलांचेही थरथरत असत, असा कंप बहुधा निराळा असतो. थायरॉइडचा जोर, दम्याची काही औषधे, फार चहा-कॉफी, यांमुळेही हात थरथरतात. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटातील शीर दबली असण्याचा संभव अधिक. मधुमेही व्यक्तींत हे वारंवार दिसते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. काही औषधांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न होतात. चक्करेसाठी महिनोन्महिने घेतली जाणारी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी दिली जाणारी फ्लुनारिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, आणि आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड ही त्यांतली नेहमीची नावे. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणलेली ही औषधे थोड्या दिवसांसाठी असतात, वर्षभरासाठी नव्हेत. अण्णांच्या पिशवीतील गोळ्या मी सर्वांत आधी तपासल्या. त्यांत यांपैकी काही नव्हते. आपल्या घरातील ज्येष्ठांची पिशवी आपणही डॉक्टरांना एकदा दाखवा. मात्र कोणतेही औषध स्वतःहून अचानक थांबवू नका.

वहिनींचा पहिला प्रश्न होता, ‘‘त्या डिंकाच्या वासानेच झाले ना हे?’’ एका माणसाच्या कंपवातावर बोट ठेवून ‘हे यामुळे’ असे सांगता येत नाही, हे मी त्यांना समजावले. वासाने झाली ती डोकेदुखी. तरीही ज्यांच्या घरी असे काम चालते त्यांनी काही पथ्ये पाळावीत. खिडकी उघडी आणि पंख्याचा वारा बाहेरच्या दिशेने असावा. पॉलिश पेपर ओला करून घासावा, म्हणजे भुकटी उडत नाही. रंग फवारायचा असेल तर गच्चीवर, मुखपट्टी लावून. झटपट चिकटणारा डिंक डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे, पापण्या ओढून उघडू नयेत, आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दर वीस मिनिटांनी मान उचलून दूर पाहावे. आणि तिळाएवढे भाग तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

अण्णांचा दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. ‘‘जहाजे बंद करायची का?’’

मी नाही म्हणालो, आणि मिरजेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. या आजारात हालचाल हेही एक औषध आहे. रोजचे चालणे आणि व्यायाम यांइतकेच हातांना काम असणेही महत्त्वाचे. मात्र काम हाताच्या बेताचे हवे. आता ते गोळी लागू पडलेल्या वेळातच टेबलाशी बसतात. लेव्होडोपाची ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात, कारण डाळ-दूध-अंडी यांतील प्रथिनांमुळे तिचे शोषण घटते. खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते हे खरे. परंतु चूर्णातून नेमके किती पोटात जाते याचा हिशेब राहत नाही, म्हणून ते मनाने सुरू करू नये. पुतण्याने आता साडेतीनशेव्या हिश्श्याची ‘यामातो’ आणून दिली आहे. ती पाऊण मीटर लांब आहे, भागही दुप्पट मोठे. चौकटीतून भाग कापून देण्याचे काम नातवाकडे आहे. २०१९ च्या महापुरात अण्णांच्या तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हापासून पुरी झालेली जहाजे माळ्यावर असतात. ती चढवणे-उतरवणेही आता नातूच करतो. अण्णांनी शिडीवर चढायचे नाही, असे ठरले आहे.

हा आजार बरा होत नाही, हे अण्णांना ठाऊक आहे. औषधे आठ महिने आधी सुरू झाली असती, तर आजार थांबला नसता. पण ते आठ महिने तरी त्यांना आपल्या हाताचा राग करीत काढावे लागले नसते. ‘‘मला वाटले, मीच निष्काळजी झालो,’’ असे ते म्हणाले, ते मला विसरता येत नाही.

वाकड्या तोफांची ती ‘यामातो’ त्यांनी माझ्याकडेच ठेवली आहे. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला मी आता कागदावर पत्ता लिहायला सांगतो आणि मागल्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहतो. वाचकहो, आपणही या पंधरवड्यात घरातील ज्येष्ठांच्या जुन्या वह्या, हिशेब, पत्रे काढा आणि आजचे अक्षर शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला, तर तो कागद घेऊनच दवाखान्यात या.