कॅप्चर कार्ड आणि ‘फोर-के’चा कैवार

आपला व्हिडिओ गेम ट्विचवर किंवा यूट्यूबवर थेट दाखवावा असे एखाद्याच्या मनात आले, की त्याला मिळणाऱ्या उपदेशांत एक हमखास असतो: कॅप्चर कार्ड, म्हणजे खेळाचे चित्र टिपून संगणकाकडे पोहोचवणारे उपकरण, घ्यावयाचे तर ‘फोर-के’च घ्यावे, कारण कार्डाची ग्रहणशक्ती जितकी थोर तितके प्रेक्षकाला दिसणारे चित्र सुरेख. हा पक्ष इतक्या ठामपणे मांडला जातो की त्याच्या पुराव्याची रुजुवात करावी असे सहसा कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही; ती येथे करावयाची आहे, आणि तिला साध्या गुणाकारापलीकडे कोणतेही शास्त्र लागत नाही.

१९२० रुंद व १०८० उंच अशा चित्रात २० लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस प्रचलित पद्धतीप्रमाणे १६ बिट आणि दर सेकंदास ६० चित्रे असा हिशेब धरला, तर कार्डातून संगणकाकडे सेकंदाला सुमारे २०० कोटी बिट वाहतात. हाच ओघ पुढे इंटरनेटवर जातो तेव्हा त्याचे काय होते? ट्विचवरील सामान्य प्रक्षेपकाने वर्षानुवर्षे जी मर्यादा पाळली ती सेकंदाला ६० लाख बिटांच्या आसपासची. म्हणजे एन्कोडरच्या संकोचनातून पार पडताना मूळ ओघाचा जेमतेम ३३०वा हिस्सा शिल्लक उरतो. फोर-के चित्रात बिंदू चौपट असतात हे खरे, पण चौपट पाणी आणून ते त्याच झारीच्या तोंडातून ओतल्याने झाडाला जाड धार लागत नाही. दाट गवत, कोसळता पाऊस, गर्रकन फिरणारा कॅमेरा अशा दृश्यांत प्रेक्षकापुढे चित्राचे चौकोन फुटतात, त्याचा दोष बहुधा या संकोचनाकडे जातो. बिचारे कार्ड त्या फिर्यादीत विनाकारण आरोपी ठरते.

पूर्वपक्षाला न्याय द्यावयाचा तर एवढे कबूल केले पाहिजे, की यूट्यूब फोर-के प्रक्षेपण स्वीकारते, आणि जो खेळ आधी मुद्रित करून मागाहून सावकाश संपादित करतो त्याला मोठ्या चित्रातून हवा तो भाग कापून घेण्याची मुभा मिळते. या दोघांचा दावा मान्य. परंतु २०१७ साली आलेला मूळ निन्टेन्डो स्विच दूरचित्रवाणीसंचावर १०८० व ६० यांपलीकडे जातच नाही, आणि त्याचे लाइट हे भावंड तर संचाला चित्रच देत नाही. त्यांच्या मालकांनाही फोर-के कार्डाची शिफारस होते, तिला काय म्हणावे?

फोर-केचे हे थोतांड उघडे पडले की काहीजण दुसऱ्या टोकाला धावतात व म्हणतात, की मग अंगठ्याएवढे स्वस्त कार्ड घ्या, सगळी सारखीच. हेही खरे नव्हे. त्या कार्डाच्या वेष्टनावर ‘फोर-के’ छापलेले असते ते पुष्कळदा केवळ आत येणाऱ्या चित्राबद्दल. बाहेर पडते ते १०८०चे, आणि तेही अनेकदा सेकंदाला ३०च. त्यांतील बरीचशी यूएसबी २.० वर चालतात, ज्याची कमाल क्षमता ४८ कोटी बिट. तेथे २०० कोटींचा ओघ मावणे अशक्य, म्हणून कार्ड प्रत्येक चित्र आधीच दाबून पाठवते व तांबड्या रंगाच्या बारीक कडा फिसकटतात. व्याख्यानाच्या वेळी कॅमेरा जोडण्यास हे साधन उत्तम आहे, आणि तेथे मी त्याची बेधडक शिफारस करीन. खेळाला मात्र त्यात पासथ्रू नाही, म्हणजे कन्सोलचे चित्र जसेच्या तसे संचाकडे रवाना करण्याची वाट नाही. खेळणाऱ्याला संगणकाच्या पडद्यावर उशिरा पोहोचलेले चित्र पाहून खेळावे लागते. ६०च्या गतीला एका चित्राचे आयुष्य सुमारे १७ मिलिसेकंद. १०० मिलिसेकंद उशीर झाला तर सहा चित्रे मागे राहून प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकवावा लागतो.

तेव्हा सिद्धान्तपक्ष असा, की कार्डाची पारख करताना प्रथम पासथ्रू पाहावा आणि ग्रहणशक्ती मागाहून. कारण पासथ्रू खेळणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे, आणि खेळणाऱ्याचाच खेळ बिघडला तर प्रक्षेपणात दाखवण्याजोगे फारसे काही उरत नाही. २०२० साली आलेले प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२० हर्ट्झने फोर-के चित्र देऊ शकते, त्याला एचडीएमआय २.१ लागते, मध्ये बसवलेले कार्ड २.० चे असले तर त्याच्या १८०० कोटी बिटांच्या मर्यादेत संच ६० हर्ट्झवर उतरतो, आणि १२०साठी मोजलेले दाम फुकट जाते. जादा पैसा खर्चावयाचा तो येथे. ग्रहणासाठी यूएसबी ३.० वरून न दाबलेले १०८० व ६० मिळाले की बहुतेकांचे भागते. मात्र तार व छिद्र दोन्ही ३.० चीच आहेत ना, हे तपासावे. प्लेस्टेशनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये एचडीसीपी हे नक्कलरोधक संरक्षण बंद करावे, नाहीतर कोणत्याही कार्डात काळा पडदाच दिसतो आणि निर्दोष कार्ड दुकानदाराकडे परत जाते. ज्याचा खेळ संगणकावरच चालतो आणि ज्याला प्रक्षेपणासाठी दुसरा संगणक ठेवावयाचा नाही, त्याने तर कार्डच घेऊ नये. ओबीएस हे साधन मोफत आहे आणि ते पडदा आतल्या आत टिपते.

विक्रेत्यांना विनंती एवढीच, की वेष्टनावर एकच ठळक ‘फोर-के’ न छापता आत येणारे, संचाकडे जाणारे व संगणकाला मिळणारे, असे तीन आकडे निरनिराळे छापावेत. आणि ग्राहकांनी हे तिन्ही आकडे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.