श्रेय हुकलेली संगीतकार
बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६३ मधील शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांच्या नावावर असले, तरी त्यांच्या स्वरलिपीला नाद दिला तो केंब्रिजला गणित व संगीत शिकलेल्या डेलिया डर्बीशायर यांनी, आणि तोही सिंथेसायझर, म्हणजे विद्युत्-मंडलांतून स्वर घडवणारे वाद्य, हाताशी नसताना. एकाच तारेचा झंकार ध्वनिफितीवर मुद्रित करून, फितीचा वेग कमीजास्त करत त्यांनी खर्जाचे वेगवेगळे स्वर मिळवले, प्रत्येक स्वराचा तुकडा पात्याने कापला आणि ते तुकडे एकापुढे एक चिकटवून चाल उभी केली. पुढे ऑर्बिटल या ब्रिटिश जोडीने हीच धून आपल्या मैफलींत नव्याने वाजवली. ध्वनीचा नमुना उचलून त्याची नवी रचना करण्याची, म्हणजेच सॅम्पलिंगची, आज संगणकावर सर्रास चालणारी रीत त्या फितीच्या तुकड्यांशी थेट नाते सांगते. ग्रेनर डर्बीशायर यांना निम्मे मानधन देऊ इच्छित होते, मात्र त्या जिथे काम करत त्या ध्वनि-कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांना अनामिक ठेवण्याच्या बीबीसीच्या धोरणामुळे, ज्याचे समर्थन करणे अवघडच, ते घडले नाही. डर्बीशायर २००१ मध्ये निवर्तल्या. पडद्यावरील श्रेयनामावलीत त्यांचे नाव झळकले ते २०१३ मध्ये.