पोरं वीटभट्टीवर, सरासरी वर

वाडीवस्तीवरच्या चिमुरड्यांना गोष्टी वाचून दाखवण्याच्या उपक्रमांचे मूल्यमापन अहवाल मी नेमाने वाचते. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पुस्तक धरून हसणारी मुलगी, आत चढता आलेख. जुलैत मूल इतके शब्द ओळखत होतं, मार्चमध्ये तितके. म्हणजे उपक्रम यशस्वी! अहो, चार वर्षांचं पोर आठ महिन्यांत पाचाला टेकतं. पुस्तक द्या की नुसतं अंगणात सोडा, त्याचे शब्द वाढणारच. पुस्तकं न मिळालेल्या शेजारच्या पाड्यावर किती वाढले, ते मोजलंत का?

त्या तारखाही बघा. रायगड-पालघरमधली कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जुलैच्या चाचणीत बसलेली त्यांची पोरं मार्चमध्ये गावात नसतातच. अहवालाच्या तळटिपेत त्यांच्यासाठी एकच शब्द असतो: ‘अनुपलब्ध’. सगळ्यात गरीब घरची मुलं हिशेबातून गेली की उरलेल्यांची सरासरी काहीही न करता वर जाते. ज्यांच्या नावानं देणगी मागितली, त्यांच्याच गैरहजेरीवर यश उभं राहतं.

एका अंगणवाडीत मी पुस्तकं बघायला मागितली. सेविकाताईंनी कपाटाचं कुलूप काढलं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, वर शिक्का आणि क्रमांक. एकाचीही पानं चुरगळलेली नव्हती. ‘डेडस्टॉकला नोंद आहे हो, फाटलं तर मला विचारतात,’ ताई म्हणाल्या. त्यांचा काय दोष? वजनं, उंच्या, आहार, लसीकरण आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरता भरता त्यांचा दिवस संपतो. अहवालात मात्र हे केंद्र उत्तम ठरलेलं, कारण पुस्तकांची संख्या जुळत होती. आणि ‘मुलाला रोज गोष्ट वाचून दाखवता का?’ हा प्रश्न आईला कोण विचारतं? पुस्तकं वाटणारीच संस्था. ती आई बिचारी ‘हो’ म्हणणार नाही तर काय करणार!

नीट मोजता येतं. केप टाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत संशोधकांनी बाळ आणि त्याला सांभाळणारी बाई अशा 91 जोड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातल्या बायांना आठ आठवडे शिकवलं: पुस्तकातलं चित्र दाखवा, बाळाची नजर जाईल तिथं थांबा, त्याच्याशी बोला. 2015 साली छापलेल्या निकालात बाळांच्या भाषेत आणि लक्ष टिकण्यातही फरक दिसला. तिथं पैसा बाईला शिकवण्यावर गेला, आपल्याकडे तो छपाईवर जातो. तरी हुरळून जायला नको. 2019 साली क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा सरासरी परिणाम लहानच निघाला. तुलनेच्या गटालाही दुसरा काही उपक्रम दिलेला होता, तिथं तर तो जवळपास शून्यावर आला. एवढं नाजूक प्रकरण, आणि आमचे अहवाल ‘आमूलाग्र परिवर्तना’च्या खाली बोलायला तयार नाहीत.

आणि हे अहवाल करून कोण घेतं? 2021 च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना कोटी-कोटीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. स्वतंत्र म्हणजे बिल कंपनीच भरते. मग आलेख खाली कशाला जाईल?

‘अनुपलब्ध’ मुलं गेली त्या भट्ट्या लांब आहेत, ही सबब मला सांगू नका. मूल येत नाही म्हटल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच गुरं चरायच्या कुरणात नेली. विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवरच मजुरांच्या पोरांसाठी ‘भोंगा शाळा’ चालवल्या. तुमच्या सर्वेक्षकाला चारचाकी आणि भत्ता असूनही तिथवर जाववत नाही?

कंपन्यांच्या सीएसआर प्रमुखांनो, पुढच्या अहवालाचं बिल मंजूर करण्याआधी ‘अनुपलब्ध’ मुलांची यादी मागा. प्रत्येक नावासमोर भट्टीचा पत्ता आणि तिथं जाऊन घेतलेल्या चाचणीची तारीख नसेल, तर बिल परत पाठवा.