विश्लेषण : पाळीव सापांमधील ‘आयबीडी’वर उपचार नाही, मग संशय येताच काय करायचे?

पाळलेला बोआ गिळलेला उंदीर पुन:पुन्हा ओकून टाकू लागला किंवा अजगराची मान वर वळून तशीच राहू लागली, तर त्यामागे ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ अर्थात ‘आयबीडी’ हा संसर्गजन्य आजार असू शकतो. त्यावर औषध नाही, लसही नाही. त्यामुळे नुसता संशय असताना पाळणारा काय करतो, यावरच बाकीच्या सापांचे भवितव्य ठरते. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आता भारतातही आहेत. मात्र आजार कळवण्याची सवय लागली नाही, तर या नोंदणीचा सापांना फारसा उपयोग होणार नाही.

हा आजार नेमका काय?

‘आयबीडी’ प्रामुख्याने बोआ आणि अजगर कुळातील बंदिस्त सापांमध्ये आढळतो. १९७०च्या दशकापासून पशुवैद्यकांना तो माहीत आहे. बाधित सापाच्या पेशींमध्ये प्रथिनांचे गोळे साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या गोळ्यांवरूनच आजाराला नाव मिळाले. आजार एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो हे अनुभवाने कळले होते, पण कारण तब्बल तीन दशके सापडले नव्हते.

कारण कसे सापडले?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील सापांना हा आजार झाला. तेथील आणि इतर काही आजारी सापांच्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील मार्क स्टेंगलाइन, जोसेफ डेरिसी आणि सहकाऱ्यांनी केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात अरेनाव्हायरस गटातील नवे विषाणू आढळले. हा गट तोवर सस्तन प्राण्यांपुरताच मानला जात होता. आफ्रिकेत माणसांना होणाऱ्या लासा तापाचा विषाणू याच कुळातला. सापांमधील या विषाणूंना आता ‘रेप्टअरेनाव्हायरस’ म्हणतात. पुढे सापांना मुद्दाम संसर्ग देऊन केलेल्या प्रयोगांनी हा संबंध पक्का केला. बाधित मादीकडून पिल्लांकडे विषाणू जातो, हेही सिद्ध झाले आहे.

लक्षणे कोणती, आणि फसगत कुठे होते?

अजगरांमध्ये आजार वेगाने मेंदूवर परिणाम करतो. मान थरथरणे, उलटे पडल्यावर सरळ न होता येणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे ही लक्षणे दिसतात. बोआमध्ये मात्र अन्न ओकणे, वजन घटणे, वरचेवर इतर संसर्ग होणे असा संथ प्रवास असतो. कित्येक बोआ बाधित असूनही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात. खरी अडचण इथेच आहे. असा बोआ विकला जातो, प्रजननासाठी उसना दिला जातो, प्रदर्शनात ठेवला जातो. आणि शेजारच्या पेटीतला अजगर आधी मरतो.

याउलट, प्रत्येक ओकारी म्हणजे ‘आयबीडी’ नव्हे. पेटीतले तापमान कमी असणे, भक्ष्य फार मोठे असणे, खाऊ घातल्यावर लगेच साप हाताळणे यानेही तो ओकतो. अतिउष्णता किंवा कीटकनाशकाची विषबाधा झाली, तरी मान वाकडी होऊ शकते. तोंडात चिकट स्राव, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही लक्षणे असतील तर दुसऱ्याच एका विषाणूगटाचा, सर्पेंटोव्हायरसचा संशय घ्यावा लागतो; बॉल पायथनमध्ये तो २०१४ मध्ये प्रथम नोंदवला गेला. म्हणून लक्षणे पाहून घरच्या घरी निदान करणे धोक्याचे. ‘काही नाही, ठीक होईल’ म्हणणे जितके चूक, तितकेच घाबरून सगळे साप मारून टाकणेही.

तपासणी कशी करतात?

रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर रंगवून पेशींमधील गोळे शोधणे ही त्यातल्या त्यात सोपी पद्धत. यकृताचा तुकडा काढून तपासता येतो. विषाणूच्या जनुकांचा शोध घेणारी ‘पीसीआर’ चाचणीही उपलब्ध आहे. मात्र एकदा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून साप निर्दोष ठरत नाही. काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. मेलेल्या सापाचे शवविच्छेदन ही सर्वांत दुर्लक्षित तपासणी. मृत साप फ्रीजरमध्ये न टाकता थंड ठेवून लवकर पशुवैद्यकाकडे नेला, तर जिवंत असलेल्या बाकीच्यांसाठी मोलाची माहिती मिळते.

संशय येताच काय करावे?

पहिले काम म्हणजे आजारी साप वेगळ्या खोलीत हलवणे. त्याच खोलीत पेटी दूर सरकवणे पुरेसे नाही. त्याचे पाण्याचे भांडे, चिमटा, हुक वेगळे ठेवावेत. रोजची देखभाल निरोगी सापांपासून सुरू करून आजारी सापाकडे शेवटी जावे. उलट क्रमाने कधीही नाही. सापांचे रक्त पिणारे बारीक माइट या आजाराचे वाहक असल्याचा संशय जुना आहे, म्हणून त्यांचा बंदोबस्त आधी करावा. हा विषाणू साध्या जंतुनाशकांनी मरतो, पण विष्ठा आणि कातीचे तुकडे आधी धुऊन काढल्याशिवाय ब्लीचचे पाणीही नीट काम करत नाही.

याबरोबरच त्या घरातून साप, अंडी, पिल्ले बाहेर देणे आणि नवे आणणे पूर्ण थांबवावे. मागच्या काही महिन्यांत ज्यांच्याशी देवाणघेवाण झाली, त्यांना कळवावे. नवा साप आणल्यावर किमान तीन महिने, शक्य असल्यास सहा महिने वेगळा ठेवण्याचा नियम कंटाळवाणा वाटतो. पण उपचार नसलेल्या आजारापुढे तीच खरी ढाल आहे.

बाधित सापाला मारायचे की जगवायचे?

अनेक सापांच्या संग्रहात, विशेषत: अजगर सोबत असतील तर, लक्षणे दिसणाऱ्या बाधित सापाला वेदनारहित मरण देण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात. याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही बिनबुडाचा नाही : लक्षणेच नसलेला बोआ वर्षानुवर्षे जगू शकतो, मग त्याला का मारायचे? ज्याच्याकडे तो एकच साप आहे, जो पुढे दुसरा आणणार नाही आणि प्रजननही करणार नाही, त्याने तो सांभाळायला हरकत नसावी. मात्र ही मुभा शब्द पाळणाऱ्यालाच. ‘निरोगी दिसतो’ म्हणून तोच साप पुढे विकणे ही दया नव्हे, फसवणूक आहे.

भारतात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा का?

नाग, घोणस, भारतीय अजगर असे देशी साप पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथन, बोआ यांसारख्या ‘साइट्स’ करारातील परदेशी सापांसाठी वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. जन्म, हस्तांतर आणि मृत्यूही कळवावा लागतो. पण कॉर्न स्नेकसारख्या जाती ‘साइट्स’च्या यादीत नाहीत, म्हणून या नोंदणीतही नाहीत. विषाणू परिशिष्ट पाहून पसरत नाही.

दुसरीकडे तस्करी सुरूच आहे. मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून बॉल पायथन अनेकदा जप्त झाले आहेत. असे साप कुठून आले, कुणासोबत कोंबले होते, काहीच ठाऊक नसते. त्यांना देशी अजगरांच्या शेजारी ठेवणे म्हणजे परदेशी आजाराला दार उघडून देणे. म्हणून जप्त सापांसाठी वेगळी विलगीकरणाची सोय आणि तपासणी हवी. शिवाय नोंदणी नसलेला माणूस कारवाईच्या भीतीने आजारी साप डॉक्टरकडे नेत नाही आणि रात्री झाडीत सोडून देतो, ही शक्यता सर्वांत घातक आहे. नोंदणीच्या अर्जात मृत्यूच्या कारणाची आणि तपासणीची जागा असावी, आणि आजार स्वत:हून कळवणाऱ्याला त्रास होणार नाही, असा विश्वास वनविभागाने द्यावा.

माणसाला धोका आहे का?

‘आयबीडी’ माणसाला झाल्याचा पुरावा नाही. मात्र निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्यांचा त्रास गंभीर होऊ शकतो. साप हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याची भांडी स्वयंपाकघरात न धुणे, एवढे तरी पाळलेच पाहिजे.

साप दुखणे सांगत नाही. तो ओरडत नाही, लंगडत नाही. त्याच्या वतीने बोलायची जबाबदारी पाळणाऱ्याची आहे. आपल्याकडे आजार आला हे कळवण्यात कमीपणा नाही. तो ठाऊक असूनही गप्प राहून पुढच्या घरात पाठवण्यात मात्र नक्कीच आहे.